पाच सेकंदांचा नियम

ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत तो कधी शिकवायला गेला नव्हता. पण कुणी चुकून जरी विचारलं, की ही फाइल माझ्याकडे का उघडत नाही, की संपलंच. मास्तर खुर्ची ओढून बसायचा आणि फॉरमॅट म्हणजे काय, कोडेक म्हणजे काय, इथपासून सुरुवात करायचा. विचारणाऱ्याचा चहा गार व्हायचा, पण मास्तरचं आटपत नसे.

त्याचं काम पडद्यावरची अक्षरं आणि आकार हलवायचं. जाहिरातीत नाव उडत येऊन बसतं, माणसामागची भिंत जाऊन तिथं आकाश येतं, ते असला कुणीतरी मास्तर करत असतो. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, मधल्या बोळात. रंग खरे दिसावेत म्हणून भिंती करड्या रंगवलेल्या आणि खिडकी कायमची बंद केलेली, त्यामुळे भर दुपारीही आत संध्याकाळ असायची. मशीनचे पंखे एका सुरात घुमत आणि तापलेल्या धुळीचा वास हवेत सतत असायचा. मास्तरला तो वास आवडायचा. अकरा वर्षं तो त्याच वासात बसला होता.

त्या दिवशी वहिनी आल्या त्या जेवणाच्या सुट्टीत. दादाला जाऊन आठ महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदाच त्याच्या ऑफिसात पाऊल टाकत होत्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि आतला पेनड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

"भाऊजी, यात ह्यांचा व्हिडिओ आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काढलेला. फोन तर बंदच पडला, दुकानदारानं कसाबसा एवढाच काढून दिला."

"भिंगरीसाठी?"

वहिनींनी मान हलवली. भिंगरी म्हणजे दादाची सात वर्षांची मुलगी. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची म्हणून दादानंच ठेवलेलं नाव. तिला एका जागी बसवायचा उपायही दादानंच शोधला होता. 'स्टॅच्यू' म्हटलं की ती असेल तशी थिजायची, एक पाय वर असला तर वरच. आणि दादाच्याच तोंडून 'ओव्हर' आल्याशिवाय हलायची नाही. आईनं म्हटलेलं चालत नसे, काकानं म्हटलेलं तर नाहीच.

दादाला दवाखान्यात न्यायचं ठरलं त्या सकाळी भिंगरी रडत जिन्यापर्यंत मागे आली. दादा वळून म्हणाला, "स्टॅच्यू!" एरवी तो खालून हाक मारून सोडवायचा. त्या दिवशी दोघांनी त्याला धरून उतरवलं, गाडीत आडवा केला आणि तो ओव्हर म्हणायचं विसरला. पोरगी दोन तास जिन्यापाशी उभी होती. शेवटी वहिनींनी तिला उचलून आत नेलं. तेव्हापासून ती नीट हललीच नव्हती. खायला दिलं तर खायची, शाळेत नेलं तर जायची, पण सगळं कुणीतरी चावी दिल्यासारखं.

"त्यांना रात्रभर त्याचंच लागून राहिलं होतं," वहिनी म्हणाल्या. "सकाळी मला म्हणाले, पोरीला अडकवून आलोय मी. मग फोन टेबलाला टेकवून ठेवला आणि खुर्चीत बसून हे केलं. तिच्याशी बोलतात, परत स्टॅच्यू म्हणतात, बराच वेळ तसेच बसतात आणि शेवटी ओव्हर म्हणतात. मी एकदाच बघितलं. पुन्हा बघायची छाती नाही झाली."

"मग तिला दाखवलं का नाही?"

"नाकात नळी आहे हो. मागं तो पलंग, ती सलाइनची बाटली. एवढ्याशा पोरीला ते कसं दाखवू? तुम्ही मागचं काढून टाका. आपली बाहेरची खोली दिसू दे. बाकी काहीही कापा, पण तेवढं ओव्हर राहू द्या."

"वहिनी, अहो हेच तर माझं रोजचं काम आहे," मास्तर म्हणाला. मग त्यानं आपलं नेहमीचं सुरू केलं. फॉरमॅट म्हणजे पेटी, कोडेक म्हणजे पेटीत कपडे घडी घालून बसवायची पद्धत. सेकंदाला पंचवीस चित्रं, सगळी पूर्ण ठेवायची म्हटली तर जागा पुरायची नाही. म्हणून एकच चित्र पूर्ण ठेवायचं आणि पुढं फक्त काय हललं तेवढंच लिहायचं.

"आणि जे हललं नाही ते?" वहिनींनी विचारलं.

"ते मागच्या चित्रावरून उचलायचं. ते तिथंच आहे असं धरून चालायचं."

"आणि नसलं तर?"

मास्तर हसला. अकरा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीही विचारला नव्हता. "असं होत नाही वहिनी," तो म्हणाला.

आता गिरणीबद्दल सांगायला हवं. ऑफिसच्या मशीनवर एक फोल्डर होता, त्याला सगळे गिरणी म्हणत. कुणाचीही कसलीही क्लिप तिच्यात टाकायची, दोन मिनिटांत ती दळून, बारीक होऊन दुसऱ्या बाजूला यायची आणि जागा अडू नये म्हणून मूळ फाइल आपोआप कायमची पुसली जायची. गिरणी मास्तरनंच बांधली होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. लोक क्लिपच्या शेवटी उगाच थांबलेलं चित्र लांबवून पाठवतात, म्हणून त्यानं तिच्यात स्वतःच्या अकलेनं एक नियम घातला होता. चित्र पाच सेकंद हललं नाही, की क्लिप संपली असं समजायचं आणि तिथून पुढचं सगळं कापून टाकायचं.

त्याची दुसरीही एक सवय होती. तो फाइलची नक्कल कधी करत नसे, उचलून दुसरीकडे ठेवायचा. दोन प्रती म्हणजे दोन भानगडी, असं तो नव्या लोकांना बजावून सांगायचा.

वहिनींना जिन्यापर्यंत सोडून तो परत आला तेव्हा टेबलावरचा फोन वाजत होता. कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतलं अक्षर पिवळं हवं की केशरी, याची चर्चा. एका कानाला फोन लावून त्यानं पेनड्राइव्हवरची फाइल उचलली आणि कामाच्या फोल्डरमध्ये टाकली. मग डबा धुवायला गेला.

परत आल्यावर त्याला कामाचा फोल्डर रिकामा दिसला. त्याच्या लगेच खाली गिरणी होती.

फाइल चुकून तिच्यात पडली होती. गिरणीच्या दुसऱ्या बाजूला दादाची क्लिप दळून पडली होती, अठ्ठावीस सेकंदांची. त्यानं ती उघडली. खुर्चीत बसलेला दादा, नाकात नळी, डोळे खोल गेलेले, पण तोच मिश्कीलपणा. "भिंगरे, कालचं राहिलं की गं आपलं. चल, परत पहिल्यापासून. तयार? स्टॅच्यू!" आणि दादा थिजला. मुलीबरोबर खेळायचं म्हणून तोही श्वास रोखून बसला असणार. एक, दोन, तीन, चार, पाच. फाइल संपली.

मास्तरनं ती किती वेळा लावली याला गणती नाही. दर वेळी ती तिथंच संपत होती.

दोन दिवस त्यानं पुसलेल्या जागा खरवडून काढल्या. ज्या ज्या सॉफ्टवेअरचं नाव ऐकलं होतं ते सगळं लावून पाहिलं. हाती लागला तो एक तुकडा, एकशे बारा एमबीचा. त्यातला आवाज गेला होता आणि सुरुवातीचं पूर्ण चित्रही गेलं होतं. ते चित्र नसलं की मागे उरते फक्त हालचाल. पडदा नुसता करडा, आणि जिथं काही हललं तिथं तेवढाच धूसर डाग. करड्यात ओठांची वळवळ दिसली, गाल खाजवायला वर आलेल्या हाताची फिकट रेघ दिसली. मग सगळं शांत. आणि एक मिनिट एकविसाव्या सेकंदाला ओठ दोनदा हलले. ओ... व्हर. आवाज नाही. पुढच्या सेकंदाला तुकडा संपला.

वहिनींना सांगायला हवं होतं. त्यानं तीनदा फोन हातात घेतला. पण काय सांगणार? ज्यानं ऑफिसभर शहाणपण शिकवलं, त्यानं स्वतःच्या भावाचा शेवटचा शब्द स्वतःच्या नियमानं कापला, हे सांगायला जीभ रेटेना. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपोटीच त्यानं पुढचं केलं.

दोघा भावांचा आवाज सारखा. फोनवर वहिनीसुद्धा फसायच्या. तळमजल्यावर एक साउंडवाला होता, कानाचा फार तिखट माणूस. मास्तरनं त्याच्या खोलीत जाऊन एकच शब्द वीस वेळा म्हटला. साउंडवाल्यानं त्यातला एक निवडला, त्याला दवाखान्याच्या खोलीतला घुमारा लावला आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवला.

"जमलंय," तो म्हणाला. "कुणाला कळणार नाही. पण मास्तर, एक बोलू? हा शब्द म्हणणारा माणूस घाबरलेला वाटतोय."

मास्तरनं उरलेलं काम मन लावून केलं. दादाला त्या खोलीतून केसाकेसानं कापून वेगळा केला. नाकातली नळी पुसली. मागे घरातली खिडकी आणली, तिच्यात ऊन सोडलं. वरून भिंगरीच्या नावाची गोल गोल फिरणारी अक्षरं आणली. शेवटी थांबलेल्या ओठांना दोनदा हलवलं आणि त्याखाली आपला शब्द ठेवला. एवढं सुंदर काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता वहिनींनी टीव्हीसमोर चटई टाकली. भिंगरी मांडी घालून बसली. एका पायातला मोजा घसरून टाचेखाली लोंबत होता. दादाचं तोंड पडद्यावर आलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ती पोरगी हसली. वहिनींनी पदर तोंडात धरला. मास्तर दाराशी उभा होता. त्या क्षणी त्यालाही वाटून गेलं, की झालं, सुटलो.

"स्टॅच्यू!" दादा म्हणाला.

भिंगरी थिजली. पडद्यावर दादाही थिजला. खोलीत फक्त घड्याळाचा आवाज होता. मग दादाचे ओठ हलले आणि मास्तरचा आवाज म्हणाला, "ओव्हर!"

भिंगरी हलली नाही. तिचे फक्त ओठ हलले, तेही जेमतेम.

"हे काका आहेत," ती म्हणाली.

त्यानंतर ती काही बोलली नाही. वहिनींनी तिला हलवलं, जवळ घेतलं, तोंडावर पाणी मारलं. अंगात ऊब होती, श्वास चालू होता, डोळे पडद्याकडे. मांडी सोडवावी तर सुटेना. तसंच उचलून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले आणि नाकात नळी घातली.

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आपल्या करड्या खोलीत जाऊन बसला. घरी बसवत नव्हतं. आठवलं म्हणून त्यानं तो खरवडून काढलेला तुकडा उघडला. त्यातून तो शब्द कसा काढता येईल याचाच विचार डोक्यात होता. उघडल्याबरोबर त्याची नजर लांबीवर गेली. एक मिनिट बावीस सेकंदांचा तुकडा आता सतरा तास दाखवत होता. काल संध्याकाळच्या पाचपासून आज सकाळी दहापर्यंत, त्यानं बोटांवर मोजलं.

फाइलचा आकार मात्र तेवढाच होता. एकशे बारा.

त्यानं ती पहिल्यापासून लावली. करडा पडदा. ओठांची वळवळ, हाताची रेघ, शांतता. एक मिनिट एकविसाव्या सेकंदाला ओठ हलायला हवे होते. हलले नाहीत. त्याऐवजी डाव्या कडेनं काहीतरी लहानसं आत आलं. डाग नुसता, पण चालत होता. एक पाय नीट पडत होता आणि दुसऱ्याच्या टाचेखाली काहीतरी लोंबत, फरफटत येत होतं. तो डाग खुर्चीपाशी आला, खाली बसला, मांडी घातल्यासारखा रुंद झाला आणि मग दिसेनासा झाला. गेला नव्हता. हलायचा थांबला होता.

पुढचे सतरा तास नुसते करडे होते.

मास्तरनं पुन्हा आकड्याकडे पाहिलं. आकार का वाढत नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? काहीच हलत नव्हतं, त्यामुळे लिहायला काही नव्हतं. दोघं तिथंच आहेत असं धरून फाइल पुढं चालली होती.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी तो ऑफिसला येई, दार लावून घेई आणि तुकडा उघडून बसे. दोन दिवस. पाच दिवस. अकरा दिवस. गिरणी त्यानं पहिल्याच दिवशी मोडून टाकली होती. ऑफिसातले लोक कुरकुरले, पण त्याच्या तोंडाकडे बघून गप्प बसले. कुणी फॉरमॅटबद्दल विचारलं तर तो म्हणे, "मला नाही माहीत." दुपारी चारला भेटायची वेळ असे, तेव्हा तो वॉर्डात जाई. पलंगावर उशांच्या आधारानं बसवलेली भिंगरी दिवसेंदिवस वाळत चालली होती. मांडी अजून तशीच.

एकदा वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ही इथं आहे ना हो?"

त्याला त्यांचा तो जुना प्रश्न आठवला. जे हललं नाही ते तिथंच आहे असं धरून चालायचं. आणि नसलं तर?

"आहे ना वहिनी. इथंच तर आहे," तो म्हणाला. खरं सांगायचं धाडस त्याला तेव्हाही झालं नाही.

सतराव्या दिवशी दुपारी तो वॉर्डात जायला उठला आणि सवयीनं एकदा आकडा बघितला. एकशे तेरा.

तो परत खुर्चीत बसला. काहीतरी हललं होतं. त्यानं पुढं पुढं सरकवत शेवट गाठला. अगदी शेवटी, चार-पाच मिनिटांपूर्वीच्या जागी, करड्यातून एक मोठा आकार सुटा होत होता. खुर्चीच्या हातांवर भार देऊन माणूस उठतो तसा. आधी खांदे, मग पाठ. फार वेळ बसल्यावर अंग आखडतं तसा तो जरा वाकलेला उभा राहिला. लहान डाग होता त्या जागेकडे झुकला. बराच वेळ झुकलेला होता. मग वळला आणि डावीकडून पडद्याबाहेर गेला.

लहानसं काहीच हललं नाही. तिला कुणी सोडवलंच नव्हतं.

मास्तर डोळे फाडून त्या करड्याकडे बघत राहिला. पंखे घुमत होते. धुळीच्या वासात आज दवाखान्यातल्या फिनाईलचा वास मिसळला होता, किंवा त्याला तसं वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला. वहिनी होत्या, आणि त्या अगदी हळू बोलत होत्या.

"भाऊजी... तुम्ही निघालात का?"

"काय झालं?"

"कळत नाही हो. वॉर्डात कुणी नाही आत्ता. पलंगाजवळची खुर्ची... कुणी बसल्यासारखी करकरली."

"वहिनी, भिंगरी कशी आहे?"

"तशीच आहे. पण तिचे डोळे... ती खुर्चीकडे बघतेय. मघापर्यंत भिंतीकडे बघत होती." फोनमधून वॉर्डाची शांतता ऐकू येत होती. "भाऊजी, इथं कुणीतरी बोलायला बघतंय. श्वास घेतल्याचा आवाज येतो, तोंड उघडल्यासारखा... पण शब्द नाही. नुसती हवा."

कुठला शब्द ते मास्तरला माहीत होतं. तो कुणी कापला तेही माहीत होतं. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की दादा, माझं चुकलं, अरे तो शब्द आता तुझ्याकडे नाहीच, मी ठेवलाच नाही.

"थांबलं," वहिनी कुजबुजल्या. मग म्हणाल्या, "नाही... परत सुरू झालं. परत पहिल्यापासून. मघापासून हेच चाललंय. मी घड्याळ लावून बघितलं."

"काय बघितलंत?"

"दर वेळी मधेच तुटतंय हो. कुणीतरी कापल्यासारखं. बरोबर पाच सेकंदांनी."

मास्तरनं पडद्याकडे पाहिलं. लांबीचा आकडा पुढं सरकत होता. फाइलचा आकार पुन्हा वाढायचा थांबला होता.